शाळेतला धर्म आणि शाळेतली नीती

दर काही वर्षांनी एक मागणी नव्याने पुढे येते. मुले बिघडली आहेत, वडीलधाऱ्यांचा मान राखत नाहीत, परीक्षेत कॉप्या करतात. तेव्हा शाळेत धर्माचे आणि नीतीचे शिक्षण सुरू करा. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. पालकसभेत ही मागणी झाली नाही असे वर्ष क्वचितच गेले असेल. मागणी करणाऱ्यांची तळमळ खरी असते, यात मला शंका नाही. पण ही कल्पना जणू आजच प्रथम सुचली आहे, अशा थाटात ती मांडली जाते. प्रत्यक्षात दीडशेहून अधिक वर्षे आपण हा वाद घालत आलो आहोत, आणि त्यात आपल्या मराठी मंडळींचा वाटा मोठा आहे. आज ती हकिगत सांगायची आहे.

सुरुवात करावी लागते १८५४ सालच्या वुडच्या खलित्यापासून. कंपनी सरकारच्या शाळांत शिक्षण पूर्णपणे लौकिक राहील, असे या खलित्याने ठरवले. बायबलची प्रत ग्रंथालयात असेल, ज्या विद्यार्थ्याला वाटेल त्याने ती वाचावी, आणि कोणी आपणहून शंका विचारली तर मास्तरांनी शाळेच्या वेळेबाहेर उत्तर द्यावे, एवढीच मुभा होती. त्याच वेळी खाजगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली आणि त्या शाळांत कोणता धर्म शिकवला जातो यात सरकार लक्ष घालणार नाही, असेही ठरले. म्हणजे सरकारी शाळा धर्मापासून अलिप्त आणि अनुदानित शाळा आपल्या मर्जीच्या मालक, ही विभागणी तेव्हाची आहे. तिची सावली आपल्या संविधानापर्यंत येऊन पोहोचली.

पण धर्म नाही तर नीती कुठून येणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १८८२ च्या हंटर आयोगाने त्यावर एक तोड काढली. सर्व धर्मांना मान्य होतील अशा तत्त्वांवर आधारलेले नीतीचे एक पाठ्यपुस्तक महाविद्यालयांसाठी तयार करावे, आणि माणूस व नागरिक म्हणून असलेल्या कर्तव्यांवर दर सत्रात व्याख्याने द्यावीत, अशी शिफारस आयोगाने केली. आयोगाचे एक सभासद होते मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग. वय अवघे बत्तीस. त्यांना हे पटले नाही आणि आपला विरोध त्यांनी स्वतंत्र टिपणात नोंदवला. गंमत अशी, की त्याच १८८२ साली तेलंगांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर मॅक्सम्युलरच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले होते. म्हणजे धर्मग्रंथांविषयी अनास्था असलेला हा माणूस नव्हता. तरीही नीतीच्या सरकारी पुस्तकाला त्याने विरोध केला. ती शिफारस पुढे अमलात आली नाही.

यानंतर मोठे वळण आले ते १९३७ साली वर्ध्याला. गांधीजींची नई तालीम तिथे आकाराला आली. ज्यांच्या आश्रमात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई, त्या गांधीजींच्या शिक्षणयोजनेत धर्म हा विषयच नव्हता. अनेकांना याचे नवल वाटले. गांधीजींनी पुढच्याच वर्षी याचा खुलासा केला. आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात, त्यातून ऐक्याऐवजी भांडणच वाढेल, अशी भीती त्यांना वाटत होती. सर्व धर्मांना समान असलेली सत्ये मुलांना मिळाली पाहिजेत, हे त्यांना मान्य होते. मात्र ती शब्दांनी किंवा पुस्तकांनी मिळत नाहीत, शिक्षकाच्या रोजच्या वागण्यातून मिळतात, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकांच्या अंगावर एवढी मोठी जबाबदारी क्वचितच कोणी टाकली असेल!

स्वातंत्र्य आले ते फाळणीच्या रक्तपातात. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या कलमाची चर्चा झाली, तेव्हा त्या जखमा ओल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना मांडलेली कारणे आजही मुळातून वाचण्यासारखी आहेत. एक, विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कोणाकडून कर घ्यायचा नाही असे ठरल्यावर सरकारी पैशाने धर्म शिकवता येणार नाही. दोन, देशात धर्म अनेक आणि एकेका धर्मात पंथ अनेक. शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांनी कोणाकोणाची सोय करायची? तीन, मोक्षाचा खरा मार्ग आपलाच, असा दावा जर प्रत्येक धर्म करत असेल, तर शाळेत तो दावा शिकवल्याने शांतता बिघडेल.

याच चर्चेत बाबासाहेबांनी आणखी एक भेद स्पष्ट केला. धर्माची दीक्षा देणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास करणे वेगळे. अमुक श्रद्धा खरी आहे, ती तू मान, असे सांगणे ही दीक्षा. ती श्रद्धा काय आहे हे जाणून घेणे हा अभ्यास. बंदी पहिल्या गोष्टीला आहे, दुसऱ्या गोष्टीला नाही. माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे.

अखेर संविधानाचे अठ्ठाविसावे कलम तयार झाले. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल, तर विद्यार्थ्यावर सक्ती करायची नाही. तो अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. इंग्लंडने १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे केले आणि ज्या पालकांना ते नको असेल त्यांना मुलाला वगळण्याची सवलत दिली. आपण नेमकी उलटी वाट धरली. तिथे नको असेल तर सांगावे लागते, इथे हवे असेल तर सांगावे लागते.

यानंतर समित्यांची रांगच लागली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत धर्मशिक्षण ऐच्छिक आणि शाळेच्या वेळेबाहेर असावे, असे सांगितले. १९५९ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई राज्याचे तेव्हाचे राज्यपाल श्रीप्रकाश. सकाळी दोन मिनिटे शांतता, आठवड्याला नीतीचा एक तास आणि जगातील प्रमुख धर्मांची ओळख, असा त्यांचा आराखडा होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने आठवड्याला एक-दोन तास ठेवायला सांगितले. धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतील फरकही आयोगाने पुन्हा अधोरेखित केला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचे नाव अग्रभागी आहे.

पुढचे नावही महाराष्ट्राचेच. १९९९ साली शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये तिने सांगितली आणि सर्व धर्मांची मूलतत्त्वे विद्यार्थ्यांना समजावीत असा आग्रह धरला. २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ही शिफारस उतरली. ते कलम २८ शी विसंगत आहे, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्याचा निकाल लागला. धर्मांविषयी शिकवणे म्हणजे धार्मिक शिक्षण देणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. बाबासाहेबांनी चोपन्न वर्षांपूर्वी केलेला भेदच पुन्हा कामी आला.

आता शाळेच्या फाटकातून आत येऊ. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीस मूल्यशिक्षण आले. श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा अशी दहा मूल्ये. रोजच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार, बोधकथा. यादी चांगलीच आहे. पण आमच्या शाळेत एका वर्षी या मूल्यांचा तक्ता करून प्रत्येक मुलापुढे श्रेणी लिहायचे ठरले. एका सहकारी बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत विचारले, "वीटभट्टीवरून येणाऱ्या मुलीला नीटनेटकेपणात मी काय देऊ? तिच्या घरी पाण्याचा नळ नाही. आणि श्रमप्रतिष्ठेत काय देऊ? ती पहाटे विटा उचलून येते." बैठकीत कोणी काही बोलले नाही. तक्ता भरला गेला, कारण तो वर पाठवायचा होता. त्या वर्गातल्या मुलांनी मात्र एक गोष्ट नक्की शिकली असेल, की चांगुलपणा हा कागदावर दाखवायचा असतो.

म्हणून नीतीचा वेगळा तास, वेगळे पुस्तक आणि त्याला गुण, या मार्गाविषयी मला फारसा भरवसा वाटत नाही. याचा अर्थ शाळेने गप्प बसावे असा मुळीच नाही. इतिहासाच्या तासाला चक्रधर, बसवेश्वर, नामदेव, गुरू नानक, सूफी संत येतात. ते कशासाठी झगडले, लोकांनी त्यांना का मानले, हे मोकळेपणाने शिकवता येते. शेजारी बसणाऱ्या मुलाचा रोजा म्हणजे काय, वर्गमैत्रिणीच्या घरी पर्युषणात काय असते, गुड फ्रायडेला सुट्टी कशाची, हे दहावीपर्यंत माहीतच नसलेली मुले मी पाहिली आहेत. ती वाईट नव्हती, त्यांना कोणी सांगितले नव्हते. अशी अज्ञानी मुले मोठी होतात आणि मग अफवांवर विश्वास ठेवतात. या अभ्यासाला संविधानाची आडकाठी नाही, न्यायालयाचीही नाही. आडकाठी आहे ती आपल्या संकोचाची, आणि कोणी तक्रार करील या भीतीची.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही नैतिक आणि संविधानिक मूल्यांवर भर आहे. तेव्हा ही चर्चा पुढेही चालेल, चालावीच. फक्त दर वेळी मागणी करणाऱ्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. आपल्याला मुलांना धर्म मानायला शिकवायचे आहे, की समजून घ्यायला? आणि वर्गात जे मूल एकटेच वेगळ्या धर्माचे किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या घरातले असेल, त्याला त्या तासाला काय वाटेल? या दोन उत्तरांवर पालक आणि शिक्षक यांचे एकमत झाले, तर बाकीचा अभ्यासक्रम तयार करणे अवघड नाही.