उजाळ्याची कुळकथा

रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत पोटरीभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईची चांदीची जोडवी मोसम संपेपर्यंत काळवंडतात. गोंदिया जिल्ह्यात हे इतकं नेहमीचं आहे की त्याचं कारण कुणी विचारत नाही. कारण त्या चिखलातच आहे. साचलेल्या पाण्याखालच्या मातीत हवा पोचत नाही. तिथले जीवाणू मातीतल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच तो सडक्या अंड्यासारखा वास. चांदीला गंधकाची मोठी ओढ. मग जोडव्याच्या अंगावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा.

त्याच बाईच्या गळ्यातल्या डोरल्याचं सोनं मात्र चिखलानं नुसतं माखतं. घाम, डोक्याचं तेल, हळद आणि साबणाचा चिकट थर त्यावर बसतो, पण सोनं स्वतः बदलत नाही. सोन्यावरचा मळ परका असतो. चांदीवरचं काळेपण ही चांदीच असते, गंधकाशी संसार थाटलेली. म्हणजे काळं जोडवं घासून पांढरं करताना आपण मळ काढत नाही, चांदी काढतो. घरच्या घरी दागिने साफ करण्याच्या साऱ्या रीतींची कुळं तपासली तर त्यांच्या तळाशी हाच पेच सापडतो: चमक आणायची, पण वजन जाऊ द्यायचं नाही.

हा पेच फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्तू शुद्ध कशा कराव्यात याची यादी आहे. त्या ग्रंथातल्या इतर गोष्टींविषयी आपलं मत काहीही असो, ही यादी एखाद्या चिकित्सक गृहिणीनं लिहावी तशी आहे. धातू आणि रत्नं राख, पाणी आणि मातीनं शुद्ध होतात, असा सर्वसाधारण नियम आधी दिला आहे. लगेच पुढे अपवाद: ज्याला काही चिकटलेलं नाही असं सोन्याचं भांडं नुसत्या पाण्यानं शुद्ध होतं. तांबं, लोखंड, कासं, पितळ, कथील, शिसं यांना मात्र क्षार आणि आंबट पाणी. रसायनशास्त्र शिकलेला माणूस आज यात फारसं बदलणार नाही. ज्याच्यावर गंज चढतो त्याला आम्ल लावा, ज्याच्यावर चढत नाही त्याला पाणी पुरे.

त्याच अध्यायात, थोडं पुढे, रिठा भेटतो. पण दागिन्यांच्या यादीत नव्हे; लोकरीच्या घोंगड्या धुण्यासाठी. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. ती पाण्यात फेस आणतात आणि तेलकट मळाला पकडून पाण्यात ओढतात. त्यांत घासणारा कण नसतो आणि सोड्याचा तिखटपणाही नसतो. लोकर आणि रेशीम यांना जे मानवतं ते सोन्यालाही मानवलं, कारण सोन्यावरचा मळही बहुतांशी तेलकटच. रिठा कपड्यांच्या बादलीतून सोनाराच्या पेढीवर गेला आणि तिथून पुन्हा घरी आला, दागिन्यांसाठी. आजही डोरलं, पाटल्या किंवा साखळी धुवायची तर चार-पाच रिठ्यांची टरफलं कोमट पाण्यात तासभर भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेलं पाणी उत्तम. दागिना त्यात पंधरा मिनिटं बुडवायचा, मऊ ब्रशनं कड्यांमधला मळ सोडवायचा, साध्या पाण्यात खळबळून सुती कापडावर वाळवायचा. पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, भयंकर चुरचुरतं. रिठे नसतील तर भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब तेच काम करतात. मऊ ब्रश ही मात्र नवी सोय. नायलॉनचे केस असलेला दात घासायचा ब्रश १९३८ साली अमेरिकेत विकायला आला, त्याआधीचे ब्रश प्राण्यांच्या राठ केसांचे.

आता वजनाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी आर. शामशास्त्रींनी १९०९ साली म्हैसूरहून छापली, आणि पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या दुसऱ्या अधिकरणाच्या चौदाव्या अध्यायात बाजारपेठेतल्या सोनारावर नजर कशी ठेवावी हे सांगितलं आहे. दुरुस्तीला आलेल्या दागिन्यातून सोनं कसं काढतात याचे प्रकार एकेक करून दिले आहेत: ठोकून काढणं, कापून काढणं, खरवडून काढणं. आणि चौथा, परिमर्दन. हरताळ, मनशीळ किंवा हिंगूळ यांची पूड, नाहीतर कुरुविंदाची पूड फडक्याला लावायची आणि दागिना चोळायचा. कुरुविंद म्हणजे माणकाच्या जातीचा कठीण दगड, आजच्या पॉलिश पेपरचा पूर्वज. कौटिल्य स्पष्ट सांगतो की यानं दागिना झिजतो, पण कुठे तुटलेला-फुटलेला दिसत नाही. गिऱ्हाइकाला मात्र तो चकचकीत होऊन परत मिळतो आणि तो खूश होतो. उजाळा देणं आणि चोरी करणं यांत हाताची हालचाल एकच. फरक फडक्याचं पुढे काय होतं एवढाच.

ते फडकं, पेढीवरची धूळ आणि भट्टीतली राख यांत सोनं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर सोनाराचा केर विकत घेऊन, धुऊन त्यातला कण न् कण काढणारे झारेकरी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आले. धानपट्ट्याला या विद्येची आणखी एक शाखा माहीत आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात सोनझरा हे नाव येतं: नदीची वाळू लाकडी परातीत हलवून सोन्याचे कण निवडणारी माणसं. बालाघाट हा त्यांच्या मुलखांपैकी एक, आणि बालाघाट गोंदियाच्या उशाला आहे. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि भंडारा मध्य प्रांतात. वेगळा गोंदिया जिल्हा १९९९ सालचा. वाळूतून दिवसभरात हाती येणाऱ्या कणांवर जिथे घर चालत होतं, तिथे दागिना घासताना उडणारी धूळ कुणाला क्षुल्लक वाटणार? मला तरी घरी सोनं धुण्याची रीत स्वच्छतेच्या हौसेपेक्षा या धास्तीतूनच रुजली असावी असं वाटतं. बाई दागिना सोनाराकडे न नेता परसात रिठ्याच्या पाण्यात घालते, कारण ते पाणी तिच्या डोळ्यांसमोर असतं.

परिमर्दनाचा आजचा वारस दारावर येतो. दोन तरुण, हातात पिशवी, आधी फुकटात पितळेचा तांब्या लखलखीत करून दाखवतात. मग बांगड्या मागतात. एक तर त्या अशा द्रवात बुडवतात की सोनं विरघळून त्यात उतरतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण, ज्याला आम्लराज म्हणतात, सोनं विरघळवू शकतं. बांगडी पिवळीधमक होऊन मिळते आणि तराजूत हलकी भरते. किंवा बांगड्या हळदीच्या पाण्यासकट डब्यात घालून डबा कुकरमध्ये ठेवायला सांगतात, वीस मिनिटांनी उघडा म्हणतात, आणि तोवर डबा रिकामा झालेला असतो. पोलिस दरवर्षी सावध करतात, तरी दरवर्षी बांगड्या जातात. पितळेवर दाखवलेला प्रयोग सोन्याला लागू होत नाही, एवढं लक्षात राहिलं तरी दार लावून घेता येतं.

चिंचेचा वंश वेगळा. २२ कॅरटच्या सोन्यात १००० भागांत ९१६ भाग सोनं, उरलेल्यात तांबं आणि चांदी. कालांतरानं रंग मंदावतो तो या तांब्यामुळे. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्याचा हा गंज विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. सांधा जोडताना तापवलेला दागिना सोनार आंबट पाण्यात टाकत, त्यामागे हेच. याच तत्त्वाचं जहाल रूप म्हणजे तुरटी, सोरा आणि मीठ यांच्या उकळत्या पाण्यात दागिन्याला रंग देणं. त्यात पृष्ठभागावरचं तांबं-चांदी निघून जातं आणि वर जवळजवळ शुद्ध सोन्याची कातडी उरते. रंग सुंदर येतो. पण तुरटी, सोरा आणि मीठ तापवलं की आम्लराजाचाच धाकटा भाऊ जन्माला येतो, आणि थोडं सोनंही जातं. हे काम घरी करायचं नाही. चिंचेचा पातळ कोळ साध्या, खड्याविना दागिन्याला कधीतरी चालेल. नथीला मुळीच नाही. मोती आणि पोवळं कॅल्शियम कार्बोनेटचे. चिंच असो की लिंबू, आम्लात त्यांचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि गेलेलं पाणी परत येत नाही. नथ ओलसर मऊ कापडानं पुसून ठेवावी, तेवढंच.

राखेचं काय? गावोगावी भांडी राखेनं घासली, दागिनेही कधी घासले असतील. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेल कापतं. पण धानाच्या मुलखात राख बहुधा तुसाची. भाताच्या तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. म्हणून ती मंजनात वापरली, म्हणून ती भांड्याची काजळी झटक्यात काढते, आणि म्हणूनच ती सोन्याला घातक. सोनं-चांदी कठीणपणाच्या मोजपट्टीवर अडीच-तीनच्या आसपास. सिलिका त्याच्या दुपटीच्या घरात. तोच आक्षेप टूथपेस्टला. कित्येक पेस्टांत सिलिकाच असते, दातांसाठी योग्य मापाची, दागिन्यांसाठी नाही. टूथपेस्टनं अंगठी घासायचा सल्ला लोक इतक्या आत्मविश्वासानं देतात की कौटिल्याला त्यांच्यावर एक अध्यक्ष नेमावा लागला असता.

गोंदियाकरांनी मात्र आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा, आणि ती त्यांच्याच जंगलात तयार होते. पळसाच्या फांद्यांवर लाखेचा किडा पोसला जातो. लाख हे या भागाचं जुनं वनोत्पन्न. जुने गोट, पोकळ तोडे, टपोरे मणी यांच्या आत ही लाख भरलेली असते, म्हणजे पातळ पत्रा चेपत नाही आणि थोड्या सोन्यात दागिना भरदार दिसतो. लाख ६५-७० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. असा गोट उकळत्या रिठ्याच्या पाण्यात टाकला की आतली लाख सांध्यातून पाझरते, पत्रा बसतो, आणि मग सोनाराशिवाय इलाज नाही. सोडा, स्पिरिट आणि सॅनिटायझरही लाखेला विरघळवतात. दागिना कानाशी हलवून, बोटांत तोलून पाहावा. आकाराच्या मानानं हलका असेल किंवा आजीच्या काळचा असेल तर कोमट पाण्याचं ओलं फडकं, बस.

काळ्या जोडव्यांचा प्रश्न अजून बाकीच आहे. चिंच आणि लिंबू इथे फारसं काही करत नाहीत, कारण सिल्व्हर सल्फाइड सौम्य आम्लांना दाद देत नाही; पितळ-तांबं घासायची पावडर ते काढते, पण चांदी खरवडून. उपाय सापडला तो १८८६ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्यानं अ‍ॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधली आणि पूर्वी चांदीइतकाच मान मिळवणारा धातू स्वयंपाकघरात आला. गरम सोड्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला टेकवलेली काळी चांदी पांढरी होते हे लोकांनी पाहिलं. १९१६ साली अमेरिकेच्या शेती खात्यानं या रीतीचा रीतसर अभ्यास करून पुस्तिका काढली. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर चांदी ठेवा, अर्धा लिटर गरम पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा आणि चमचाभर मीठ घालून ओता. चांदी फॉइलला टेकलेली हवी. मिनिटाभरात बांधीतलाच तो वास येतो, कारण गंधक चांदीला सोडून निघालेलं असतं. सल्फाइडमधली चांदी उडून जात नाही, पुन्हा चांदी होऊन तिथेच बसते. काही वेळा ती मऊसर, निस्तेज दिसते. फडक्यानं हलकेच पुसली की उजळते.

जोडवी, पैंजण, करदोडा यांना हे चालतं. नक्षीच्या खाचांत मुद्दाम काळा रंग ठेवलेल्या ऑक्सिडाइज्ड दागिन्याला चालत नाही, ती नक्षीच पुसली जाते. खडे चिकटवलेल्या, मीना चढवलेल्या किंवा लाख भरलेल्या तोड्यालाही नाही. आणि वापरलेलं पाणी फेकण्याआधी ते पातळ कापडातून गाळून घ्यावं. पैंजणाची सुटलेली घुंगरं मोरीत गेली तर ती शोधायला आता झारेकरी मिळत नाहीत.