पडद्यावर पेरलेली वस्तू आणि पडद्यावरून पुसलेला शब्द

#इतिहास #थ्रेड

१/ १६ एप्रिल १९५९. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीच्या 'प्लेहाउस ९०' या नाट्यमालिकेत ॲबी मान यांचे 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' प्रक्षेपित होत होते. विषय होता नाझी राजवटीतील न्यायाधीशांवरील खटल्याचा. संवाद छळछावण्यांतील 'गॅस चेंबर'पाशी आला आणि आवाज क्षणभर नाहीसा झाला. नटाचे ओठ हलले. 'गॅस' हा शब्द मात्र प्रेक्षकांना ऐकू आला नाही.

२/ हा तांत्रिक बिघाड नव्हता. कार्यक्रमाच्या प्रायोजकांत अमेरिकन गॅस असोसिएशन, म्हणजे घरोघरी इंधनवायू पुरवणाऱ्या कंपन्यांची संघटना होती. आपला माल आणि तो नरसंहार एका शब्दाने जोडला जाऊ नये, एवढीच तिची इच्छा. ती वाहिनीने पुरी केली. पडद्यावरील छुप्या जाहिरातीचा इतिहास आपण बहुधा 'काय दाखवले' या अंगाने वाचतो. आजच्या धाग्यात तो 'काय गाळले' या अंगाने पाहू.

३/ वस्तू पेरण्याची प्रथा चित्रपटाइतकीच जुनी आहे. १८९६ साली ल्युमिएर बंधूंच्या कंपनीसाठी स्वित्झर्लंडमध्ये कपडे धुणाऱ्या स्त्रियांचे एक दृश्य चित्रित झाले. त्यात सनलाइट साबणाच्या पेट्या ठळकपणे मांडलेल्या आहेत. चित्रणामागे होते लाव्हांशी-क्लार्क हे स्विस व्यावसायिक. ल्युमिएरांच्या यंत्राचे स्वित्झर्लंडमधील हक्क त्यांच्याकडे होते आणि सनलाइटच्या लिव्हर ब्रदर्सचे कामही तेच पाहत.

४/ या प्रथेची सर्वांत लाडकी कथा १९८२ची. स्पीलबर्ग यांच्या 'ई.टी.'साठी मार्स कंपनीने आपल्या 'एम अँड एम्स' गोळ्या देण्यास नकार दिला. हर्शीने 'रीसेस पीसेस' दिल्या, चित्रपटाच्या प्रसिद्धीवर १० लाख डॉलर खर्चण्याचे मान्य केले आणि त्या गोळ्यांचा खप झपाट्याने वाढला. कथा गोड आहे आणि तीत कोणाचेच नुकसान झालेले दिसत नाही. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

५/ दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात मात्र प्रायोजक हा कार्यक्रमाचा जवळजवळ मालकच असे. एनबीसीच्या बातमीपत्राचे १९४९पासूनचे नावच होते 'कॅमल न्यूज कॅरव्हान'. कॅमल सिगारेटच्या कंपनीने दिलेले. या बातम्यांत 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी दिसता कामा नये, असा नियम होता. सिगार ओढणारी व्यक्तीही दाखवायची नाही. अपवाद एकच: विन्स्टन चर्चिल.

६/ याच सिगारेटने प्रायोजित केलेल्या 'मॅन अगेन्स्ट क्राइम' या गुप्तहेर मालिकेच्या लेखकांना दिलेल्या सूचना तर संशोधकांच्या दृष्टीने अस्सल दस्तऐवजच ठरल्या. खलनायकाने सिगारेट ओढायची नाही. कोणी खोकायचे नाही. मन शांत करण्यासाठी कोणाला सिगारेट द्यायची नाही. आगीचे कथानक नको, कारण सिगारेटमुळे लागणाऱ्या आगी आठवतील. आणि डॉक्टर दाखवायचे तर चांगल्याच रूपात.

७/ ही शेवटची सूचना लक्षात ठेवावी. १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे महत्त्वाचे अभ्यास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकवर्ग उद्या काय बोलेल याची धास्ती कंपन्यांना होती. त्याला दुखवायचे नव्हते. त्या धास्तीने एका काल्पनिक गुप्तहेराच्या जगातून खोकला हद्दपार केला.

८/ १९५०च्या दशकाअखेर प्रश्नमंजूषांतील लबाडी उघड झाली. त्यानंतर वाहिन्यांनी कार्यक्रमांची सूत्रे प्रायोजकांकडून आपल्याकडे घेतली. पैसे घेऊन काही दाखवले वा वाजवले तर ते श्रोत्या-प्रेक्षकांना सांगण्याची सक्ती १९६०च्या कायद्याने अधिक कडक झाली. पण ही सक्ती प्रक्षेपणावर होती. चित्रपटगृह तिच्या कक्षेबाहेर राहिले.

९/ जानेवारी १९७१पासून अमेरिकेत रेडिओ-दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. पैसा थांबला नाही, त्याने वाट बदलली. 'सुपरमॅन २'मध्ये मार्लबोरो दिसावी म्हणून फिलिप मॉरिसने सुमारे ४२ हजार डॉलर मोजले. १९८३च्या एका पत्रात सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी ५ लाख डॉलरच्या मोबदल्यात किमान पाच चित्रपटांत ब्राउन अँड विल्यमसनची उत्पादने वापरण्याची हमी दिली. तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे पुढे उघड झाली, तेव्हा हे जगाला कळले.

१०/ १९९८च्या समझोत्याने अमेरिकेतील बड्या तंबाखू कंपन्यांना असे पैसे देण्यास मनाई झाली. भारतात २ ऑक्टोबर २०१२पासून लागू झालेल्या नियमांनी चित्रपटात तंबाखूचे दृश्य असेल तर इशारा दाखवणे बंधनकारक केले. ज्या वाक्यांना प्रायोजकांनी एकेकाळी दार बंद केले होते, ती आता कायद्याचा हात धरून पडद्यावर आली.

११/ गाळण्याचा व्यवहार मात्र संपलेला नाही. मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) विषयी दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी सांगितलेली हकीकत पाहा. गुंडाने आपली गाडी चालवावी, याला मर्सिडीझ-बेंझची हरकत नव्हती. पण आपले चिन्ह झोपडपट्टीत दिसू नये, असा तिचा आग्रह होता. चित्रीकरणानंतर ती चिन्हे संगणकाच्या साहाय्याने पुसावी लागली. गुन्हेगारी चालली, गरिबी चालली नाही.

१२/ ब्रिटनने २८ फेब्रुवारी २०११ रोजी दूरचित्रवाणीवर वस्तू पेरण्यास परवानगी दिली, तीही अटींसह: बातम्या आणि मुलांचे कार्यक्रम वगळून, आणि पडद्यावर 'पी' हे अक्षर दाखवून. मोबदला घेऊन कार्यक्रमात काय घातले, याची खूण प्रेक्षकाला मिळते. मोबदल्यापायी काय काढले, याची खूण देणारे अक्षर त्या नियमांत नाही.

१३/ 'न्यूरेंबर्ग'मधील तो शब्द इतिहासाला ठाऊक झाला, कारण कापाकापी ओबडधोबड होती. ओठ हलताना दिसले आणि वृत्तपत्रांत गवगवा झाला. दोन वर्षांनी, १९६१ साली, याच कथेवर स्टॅन्ली क्रेमर यांनी चित्रपट काढला. त्याला गॅस कंपन्यांचा प्रायोजक नव्हता. पण लेखकाने सूचना आधीच वाचून जो खोकला लिहिलाच नाही, त्याची नोंद कोणत्याही ध्वनिफितीत सापडत नाही. तो शोधायचा तर पडदा सोडून प्रायोजकांच्या फायली उघडाव्या लागतात.

(समाप्त)