इंधनबचत, घरगुती : पुण्यातील प्रयोग

स्वयंपाक, पाणी तापविणे व दिवाबत्ती या नित्याच्या गरजा कमीत कमी इंधनात भागविण्याच्या उपायांस घरगुती इंधनबचत म्हणतात. तिचे मूलतत्त्व साधे आहे. उकळी फुटल्यावर उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान सु. १००° से. च्या वर चढत नाही. जाळ वाढविल्यास अन्न लवकर शिजत नाही, केवळ वाफ वाया जाते. त्यामुळे डाळी भिजत घालणे, झाकण ठेवणे व उकळीनंतर आच मंद करणे हे बिनखर्ची उपाय परिणामकारक ठरतात.

पुण्याच्या जुन्या वाड्यांतून चुली, कोळशाच्या व भुशाच्या शेगड्या आणि पुढे रॉकेलचे स्टोव्ह वापरात होते. पाणी तापविण्याच्या तांब्याच्या बंबात मधोमध जाळाची नळी व तिच्याभोवती पाणी असल्याने उष्णतेचा बराच भाग पाण्यालाच मिळे. साध्या चुलीत मात्र बहुतेक उष्णता वाया जाई व धुराचा त्रास मुख्यत्वे स्त्रियांना सोसावा लागे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनटंचाईच्या प्रश्नास निकड आली. केंद्र शासनाचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला व २००२ मध्ये संपुष्टात आला.

वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद दिनकर कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये पुण्यात ‘अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ (आरती) ही संस्था स्थापन झाली. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याची पद्धत संस्थेने विकसित केली. तीस २००२ मध्ये ब्रिटनमधील अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. अशा सु. १०० ग्रॅम कोळशावर चालणाऱ्या ‘सराई’ कुकरमध्ये एकावर एक डबे रचून वाफेवर लहान कुटुंबाचा वरण, भात व भाजी हा स्वयंपाक होतो. कोळसा जळताना विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होत असल्याने खेळती हवा मात्र आवश्यक असते. प्लॅस्टिकच्या दोन टाक्या एकमेकींत उपडी-उताणी बसवून केलेल्या बायोगॅस संयंत्रास २००६ मध्ये पुन्हा हाच पुरस्कार लाभला. शेणाऐवजी खरकटे, खराब धान्य, पेंड इ. पिष्टमय पदार्थ वापरल्याने ते शहरी घराच्या गच्चीवरही बसविता येते. तथापि लहान कुटुंबाचे खरकटे सर्व स्वयंपाकास पुरत नाही आणि संयंत्रास नित्य खाद्य घालावे लागते. हे श्रम टळले की ते बंद पडते.

विजेच्या बाबतीत बचत अधिक सुलभ आहे. रोज ५ तास जळणारा ६० वॉटचा तंतुदीप ३० दिवसांत ९ युनिट वीज घेतो. ९ वॉटचा एलईडी दिवा १.३५ युनिट घेतो. सौर उष्णजल संचांसाठी पुणे महानगरपालिकेने मालमत्ताकरात सवलतीची योजना केली.

या प्रयोगांवरून असे दिसते की, उपकरणाची कार्यक्षमता पुरेशी नसते. ते घरातील श्रम, जागा व सवयी यांच्याशी जुळले तरच टिकते.