भाड्याचा संगणक

कचेरीतला लॅपटॉप कंपनीने विकत घेतला की भाड्याने आणला, हे आज तो वापरणाऱ्याला ठाऊकही नसते. एके काळी भाड्याशिवाय मार्गच नव्हता. अमेरिकेतील आयबीएम आपली पंचकार्डाची यंत्रे विकतच नसे. वर कार्डेही आमचीच घ्या, ही अट! म्हणजे घोडा भाड्याचा आणि चाराही मालकाकडचा. १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवली. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर यंत्रे विकणेही कंपनीला भाग पडले.

तरीही गिऱ्हाइके भाडेच पसंत करीत. १९५९ साली आलेल्या १४०१ या संगणकाचे भाडे महिना अडीच हजार डॉलरपासून सुरू होई. विकत घेतला आणि चार वर्षांत जुना झाला तर? ती धास्ती मालकाची.

मग परत आलेल्या यंत्रांचे काय? त्यांतली काही डागडुजी होऊन भारतात आली आणि इथेही भाड्यानेच लागली. तिकडे किंमत वसूल झालेल्या यंत्राचे भाडे इकडे चालूच! संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर टीका केली. मला मात्र कंपनीला सरसकट खलनायक ठरवणे पटत नाही. त्या भाड्यात दुरुस्तीही येई, आणि ती वेळेवर होणे ही तेव्हा मोठीच गोष्ट.

१९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणायला सांगितले. आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली.