ख्रिस्ती घरातील पंगत

कोणाच्या घरी जेवायचे आणि कोणाच्या हातचे पाणी चालते, हे प्रश्न आपल्या आजी-पणजींनी जन्मभर जपले. धर्म देवळात होता त्याहून काकणभर जास्त चुलीपाशी होता. तेव्हा ख्रिस्ती धर्माची कथा चर्चच्या घंटेऐवजी जेवणाच्या पाटावरून पाहिली, तर ती आपणांस लवकर उमगेल असे मला वाटते.

येशू ख्रिस्तावर त्या काळच्या सोवळ्या मंडळींचा एक मोठा आक्षेप होता: हा जकातदार व पापी लोकांच्या पंगतीला बसतो! वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री त्याने शिष्यांना आठवण म्हणून दिली तीही भाकरी आणि द्राक्षारसाचा प्याला. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांपाशी स्वतःची प्रार्थनामंदिरे नव्हती. ते घरोघर जमत, प्रार्थना करीत आणि एकत्र जेवत. पण पंगत आली की पंक्तिप्रपंच आलाच. करिंथ शहरात काही जण आधीच खाऊनपिऊन तृप्त होत आणि गरिबांना उपाशी राहावे लागे. पौलाने पत्र लिहून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. अंत्युखियात तर प्रत्यक्ष पेत्र चुकला. यहुदी नसलेल्या बांधवांबरोबर तो खुशाल जेवत असे. परंतु याकोबाकडची कर्मठ माणसे आली, तसा तो हळूच अंग काढून घेऊ लागला. पौलाने सर्वांदेखत त्याला जाब विचारला. हे वाचताना अंत्युखिया काही आपल्याला परका मुलूख वाटत नाही.

त्या जेवणात आशाही होती. चारी दिशांकडून लोक येतील आणि देवाच्या राज्यात पंगतीला बसतील, असे येशूने सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे. रोजचे साधे जेवण ही जणू त्या मोठ्या पंगतीची तालीम.

हाच पेच पुढे महाराष्ट्रात आला, आणि तो सोडवावा लागला बायकांना. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी त्या शाकाहारीच राहिल्या. 1889 साली मुंबईत काढलेल्या व पुढे पुण्यास नेलेल्या शारदा सदनात मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. तरीही 1893 साली धर्मांतराच्या भीतीने अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो उपाशी मुलींना आश्रय दिला आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या बाईला भुकेची ओळख कोणी करून द्यायची?

लक्ष्मीबाई टिळकांची लढाई याहून घरगुती, आणि मला तर याहून अवघड वाटते. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि जोडपे दुरावले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे घेऊनच. संसार एक आणि स्वयंपाक निराळा! उठता-बसता विटाळ सांभाळताना काय त्रेधा उडाली असेल, ते चूल सांभाळणारीच जाणे. अखेर, जाती देवाने केल्या की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला. आधी त्यांच्या मनातून जात गेली, मग 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. आपल्या सोवळ्याची थट्टा त्यांनी स्वतःच इतक्या हसतखेळत केली आहे की, त्यामागचे दुःख एकदम ध्यानात येत नाही.

नाताळात ख्रिस्ती घरांतून करंज्या-चकल्यांची ताटे शेजारी जातात आणि दिवाळीला आपली तिकडे. माझ्या पणजीला हे खपले नसते.

एक गोष्ट मात्र सर्वच धर्मांच्या घरांत रेंगाळली आहे. रांधणारी मागून, एकटी जेवते. माझ्या परिचयाच्या एका ख्रिस्ती घरी सासूबाईंनी यावर आपला तोडगा काढला आहे. ताटे वाढली तरी सून येऊन बसेपर्यंत त्या जेवणाची प्रार्थना सुरूच करीत नाहीत. नातवंडे चुळबुळ करतात, भाकऱ्या थोड्या निवतात.