खांदा, हात आणि हिशेब

मनुष्याच्या शरीरात खांद्याइतका मोकळा सांधा दुसरा नाही. आणि ह्या मोकळेपणाची किंमतही त्यालाच द्यावी लागते. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा खवाट्याच्या एका उथळ खळग्यावर टेकलेला असतो. खळगा त्याला धरून ठेवू शकत नाही; धरून ठेवतात ते मुख्यतः चार स्नायू आणि सांध्याभोवतीचे वेष्टन. म्हणून खांदा निखळतो, झिजतो, आणि कधी कधी तर काही कारण न दिसता आखडून बसतो. मग वेणी घालणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, फडताळातला वरचा डबा काढणे, ह्या साध्या गोष्टीही अवघड होतात. रात्री त्या कुशीवर झोप लागत नाही. अशा वेळी जो कोणी बरे करीन म्हणेल, त्याच्या हाती रोगी आपला हात देतो.

हातानेच उपचार करण्याची ही कला फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत काखेत टाच रोवून निखळलेला हात ओढण्याची रीत सांगितली आहे. सुश्रुतसंहितेत काखेखाली मुसळ घालून खांदा वर उचलावा व मग स्वस्तिकाकार बंध बांधावा, असे आहे. आपल्याकडील हाडवैद्यांप्रमाणे युरोपातही खेडोपाडी हाडे बसविणारे लोक होते. शिकलेले डॉक्टर त्यांना हसत. परंतु इंग्लंडमधील नामांकित शस्त्रवैद्य जेम्स पॅजेट ह्यांनी १८६७ साली आपल्या व्यवसायबंधूंना बजावले की, तुम्हांला बरे न करता आलेले काही रोगी हे लोक बरे करतात. त्यांच्यापासून चांगले ते शिका, वाईट ते टाळा.

ह्याच हस्तकौशल्यातून अमेरिकेत एक नवा पंथ निघाला. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर हा गृहस्थ चुंबकशक्तीने रोग बरे करण्याचा धंदा करीत असे. १८९५ च्या सप्टेंबरात त्याच्याच इमारतीतील हार्वी लिलर्ड नावाच्या बहिऱ्या रखवालदाराच्या पाठीचा मणका त्याने दाबून बसविला, आणि त्या माणसाला ऐकू येऊ लागले, अशी ह्या पंथाची जन्मकथा आहे. ती जशीच्या तशी खरी मानणे कठीण. कारण लिलर्डच्या मुलीने पुढे निराळीच हकीगत सांगितली. सॅम्युएल वीड ह्या पाद्र्याने ह्या विद्येला ‘हाताने केलेले कार्य’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘कायरोप्रॅक्टिक’ हे नाव सुचविले. पामर एवढ्यावर थांबला नाही. शंभरातले पंच्याण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा त्याचा सिद्धान्त होता. १९०६ साली परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले. त्याचा मुलगा बार्टलेट जोशुआ ह्याने मात्र प्रचाराचे नवे साधन ओळखले. १९२२ साली त्याने डॅव्हनपोर्टचे डब्ल्यूओसी हे नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले, आणि ह्या विद्येचा डंका घरोघर वाजू लागला.

त्याच काळात बॉस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन हा शस्त्रवैद्य खांद्याचाच अभ्यास करीत होता. त्याचा स्वभाव अगदी उलट. प्रत्येक रोग्याचे पुढे काय झाले ह्याची नोंद प्रत्येक रुग्णालयाने ठेवली पाहिजे आणि ती उघड केली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. हा आग्रह न मानला गेल्याने १९१४ साली त्याने आपल्या मोठ्या रुग्णालयातील जागा सोडली. स्वतःच्या लहानशा रुग्णालयातून १९११ ते १९१६ पर्यंत घरी गेलेल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्याने छापला, आणि त्यात आपल्या १२३ चुका मोजून दाखविल्या. १९३४ साली त्याचा खांद्यावरील मोठा ग्रंथ निघाला. ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव त्यानेच रूढ केले. ह्या विकाराचे मूळ आपणास उलगडत नाही, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले. ओणवे होऊन हात लोंबता सोडावा व लंबकासारखा हलवावा, हा त्याच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम आजही शिकविला जातो. १९४० साली तो वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली.

कायरोप्रॅक्टिक मात्र वाढत गेले. १९१३ साली कॅन्ससने त्यास कायद्याची मान्यता दिली. १९७४ साली लुइझियानाने दिली, तेव्हा अमेरिकेतील एकही राज्य उरले नाही. १९७६ साली काही कायरोप्रॅक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनवर दावा लावला, आणि त्या संस्थेने ह्या व्यवसायावर बेकायदा बहिष्कार घातला होता, असा निकाल १९८७ साली लागला. निकाल बहिष्काराविषयी होता. पामरचा सिद्धान्त त्याने सिद्ध झाला नाही. तो आजही सिद्ध झालेला नाही, आणि कित्येक कायरोप्रॅक्टरांनीच तो सोडून दिला आहे. खांद्याच्या दुखण्यात ते आज हाताने सांधा हलवितात व व्यायाम देतात. काहींना त्याने आराम पडतो. परंतु ह्याविषयीचा पुरावा अजून तुटपुंजा आहे, आणि व्यायामाचा वाटा त्यात लहान नाही.

आखडलेला खांदा बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान गाठतो, मधुमेह असलेल्यांना तर अधिक. तो सुटायला एक ते तीन वर्षेही लागतात. ह्या काळात जो शेवटी भेटतो, त्याला यश मिळते. पडल्यामुळे हात उचलेनासा झाला, ताप आला, किंवा खांद्याबरोबर छाती दुखून घाम फुटला, तर मर्दन वा मणके बसविणे ह्यांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. हृदयाचे दुखणेही खांद्यात उमटते.

एरवी कोणाच्याही हाती खांदा देण्यापूर्वी कॉडमनचा एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमच्या हातून बरे न झालेले किती? ह्या प्रश्नाचा जो राग मानणार नाही, त्याच्यापुढे हात करण्यास हरकत नाही.