काळीची मोजणी, पांढरीची पाहणी

गावच्या भूमीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग आपल्या जुन्या दप्तरांत सर्वत्र मानलेले आढळतात. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे घरांची, वस्तीची. दोहोंचा उल्लेख बहुधा जोडीनेच होत असल्यामुळे राज्यकर्त्यांचे लक्षही दोहोंकडे सारखेच होते, असा वाचकाचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. काळी पुनःपुन्हा मोजली गेली. पांढरी मोजण्याची निकड मात्र कोणास फारशी वाटली नाही. कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी आज जुने घर विकत घेणारा, दुरुस्त करू पाहणारा किंवा ते पाडून नवी इमारत बांधणारा गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो हा : ‘याचा सर्व्हे झाला आहे काय?’ या प्रश्नात निदान चार निरनिराळे प्रश्न गुंतले आहेत. ते सोडवून पाहण्यासाठी थोडे इतिहासात शिरावे लागते, आणि प्रस्तुत लेखकाच्या विषयामुळे शब्दांच्या इतिहासात अधिकच.

‘सर्व्हे’ हा इंग्रजी शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘वरून पाहणे’ इतकाच. इंग्रजीत पुढे त्यात मोजणे, किंमत ठरविणे, दोष शोधणे हे सारे सामावले. त्यासाठी आपण ‘सर्वेक्षण’ हा शब्द घडविला. ‘सर्व’ आणि ‘ईक्षण’ यांच्या या संधीचा ध्वनीही जुळतो आणि अर्थही जुळल्यासारखा वाटतो, त्यामुळे तो चटकन रुळला. परंतु या सोयीची किंमत आपण मोजली आहे. मराठेशाहीच्या दप्तरी भाषेत या निरनिराळ्या कामांना निरनिराळे शब्द होते. घरे किती आहेत हे मोजणे ती खानेसुमारी. फारसीत ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमारी’ म्हणजे गणती. पुढे माणसांच्या गणतीलाही हाच शब्द लागू झाला आणि ‘जनगणना’ आल्यावर तो मागे पडला. जमिनीची लांबीरुंदी काढणे ती मोजणी. तिच्यावर सरकारचे देणे ठरविणे ती आकारणी. आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन वस्तूची स्थिती डोळ्यांनी ठरविणे ती पाहणी. शेतातील उभ्या पिकाबद्दल हा शब्द विशेष वापरात होता आणि ‘पीकपाहणी’ या रूपाने तो आजही जिवंत आहे. हे चारही शब्द कारकुनाच्या डोक्यात स्वच्छ वेगळे होते. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही, हे त्याला सांगावे लागत नसे.

काळीच्या मोजणीचा इतिहास विद्यार्थ्यांना परिचित आहे. म्हणून तो थोडक्यात सांगतो. सभासदाच्या बखरीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर हे मान आले आहे. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह असताना, १८२० नंतरच्या दशकात, कॅप्टन अॅडम्स याने राज्यातील जमिनीची मोजणी केली. ब्रिटिश मुलखात प्रिंगलची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात नव्या पद्धतीचा आरंभ केला. तिचे नियम डेव्हिडसनसह तिघांनी मिळून १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले. पुढच्याच वर्षी, १८४८ त, शहाजीराजांच्या निधनानंतर डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले, आणि ती पद्धत यथाकाल साताऱ्यासही लागू झाली.

या पद्धतीचे हत्यार म्हणजे ३३ फुटांची साखळी. ३३ फूट औरसचौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. साखळीचे सोळा आणे पाडलेले असत. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित अधिक. बैलांची एक जोडी ओढील एवढ्या रानाला नंबर द्यावा, मातीची खोली आणि दोष पाहून तिची प्रतबंदी करावी, त्यावरून आकार बसवावा आणि तो तीस वर्षे हलवू नये, असा हा सारा व्यूह होता. शेताच्या दृष्टीने तो चोख होता. परंतु गावठाणातील घरजागेवर शेतसारा नव्हता. जेथे आकारणी नाही तेथे मोजणी कशासाठी करावी? म्हणून गावच्या नकाशात पांढरीभोवती हद्दीची रेघ आली आणि रेघेच्या आतला भाग सामान्यतः तसाच सोडला गेला. वाठार, किन्हई, रहिमतपूर यांसारख्या गावांच्या शिवारातील एखाद्या बांधाचा इतिहास शंभराहून अधिक वर्षे मागे नेता येतो. त्याच गावातील दोन घरांमधल्या बोळाचा नेता येत नाही, याचे कारण हे आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. साखळीचा सर्वांत लहान भाग दोन फुटांचा. आणि देशावरील जुन्या वाड्याची दगडमातीची भिंतही साधारणपणे दोन ते तीन फूट रुंद असते. म्हणजे ज्या मापाने शेत मोजले त्या मापाच्या एका आण्यात आख्खी भिंत बुडून जाते. शेताच्या मोजणीत ही चूक नव्हे. तेथे ती हिशेबातही धरण्यासारखी नाही. घराच्या बाबतीत मात्र सगळा वाद त्या एका आण्याचाच असतो.

मग पांढरीतील घर ओळखत कसे? दोन गोष्टींवरून : खण आणि चतुःसीमा. जुन्या खरेदीखतांत ‘पाच खणी घर’, ‘तीन खण सोपा’ अशी भाषा येते. दोन खांबांमधले अंतर तो खण. ते ठराविक नसते. लाकूड जसे मिळाले तसा खण लहानमोठा होतो. त्यामुळे आजच्या अभियंत्याला हे माप निरुपयोगी वाटते. परंतु क्षेत्रफळ सांगणे हा त्याचा हेतूच नव्हता. इमारतीचा भार किती ठिकाणी उतरला आहे हे तो शब्द सांगतो. म्हणजे तो मोजणीपेक्षा पाहणीच्या जवळचा आहे. चतुःसीमेतही तसेच. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस सामाईक भिंत, असे लिहिताना लेखकाने फुटांचा उल्लेख टाळला, पण भिंत कोणाची हे सांगून ठेवले.

यानंतर कागद आला तो ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीचा, लोकांच्या तोंडी असलेल्या ‘नमुना आठ’चा. त्यात घर क्रमांक, मालकाचे व भोगवटादाराचे नाव, बांधकाम मातीचे की विटांचे, आणि लांबीरुंदी असते. ती लांबीरुंदी घरपट्टीपुरती असते. हा उतारा मालकीचा पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केले आहे; तथापि घराच्या व्यवहारात अनेकांचा सारा भरवसा त्याच्यावरच असतो. नाव आकारणीचे असताना लोक त्यात मोजणी वाचतात. पहिला घोटाळा होतो तो येथे.

गावठाणाच्या मोजणीची तरतूद कायद्यात नव्हती असे मात्र नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमात ती होती आणि तीच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आली. तिच्या आधारे शहरांत आणि मोठ्या गावांत नगर भूमापन झाले. प्रत्येक मिळकतीला क्रमांक, नकाशा आणि मिळकत पत्रिका मिळाली, व तीत क्षेत्राबरोबर सत्ताप्रकारही नोंदला गेला. उरलेल्या खेड्यांसाठी ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग प्रथम पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना देशभरासाठी जाहीर झाली. या मोजणीत आधी ज्याने त्याने आपली हद्द चुन्याने आखावयाची आणि मग वरून छायाचित्र घ्यावयाचे असा क्रम असतो. ‘वरून पाहणे’ हा सर्व्हे शब्दाचा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा झाला, ही गंमत भाषेच्या अभ्यासकाला जाणवल्यावाचून राहत नाही. परंतु आकाशातून छप्पर दिसते. छपराखाली काय आहे ते दिसत नाही.

छपराखाली काय असते ते सातारा जिल्ह्याला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे समजले. कोयनानगरच्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. मातीत बसविलेल्या गोल धोंड्यांच्या भिंती ढासळल्या. लाकडी सांगाड्यावर छप्पर तोललेली घरे त्या मानाने तगली. नकाशावर शेजारी शेजारी, क्षेत्राने सारखी आणि पट्टीनेही सारखी असलेली दोन घरे किती वेगळी असू शकतात हे त्या पहाटे दिसले. त्यानंतर भारतीय मानक संस्थेच्या संहितेतही बदल झाला. १९६६ च्या नकाशात जवळजवळ निर्धोक गणलेला कोयना परिसर १९७० च्या आवृत्तीत चौथ्या भूकंपक्षेत्रात गेला. येथून पाहणी या शब्दाला इमारतीच्या संदर्भात नवे वजन आले. आज तिला ‘संरचनात्मक लेखापरीक्षण’ असे जड नाव मिळाले आहे. हातोड्याच्या उसळीवरून काँक्रीटचे बळ अजमावणे, श्राव्यातीत लहरी सोडून आतील पोकळी शोधणे अशी साधने तिच्या हाताशी आहेत. परंतु ही साधने काँक्रीटसाठी बनलेली आहेत. माती, दगड आणि सागवान यांच्या वाड्यात ती फारशी बोलत नाहीत. तेथे गिलावा खरवडून तुळईचे तोंड उघडे करणे हाच अजून भरवशाचा मार्ग आहे.

हे सर्व लिहिण्यास निमित्त झाले ते कोरेगावच्या जुन्या पेठेतील एका घराचे. आमच्या एका आप्तांनी तेथे समोर गाळे आणि वर बिऱ्हाडे काढण्याचे योजिले. मोजणी कोणती मागावी असा त्यांचा प्रश्न होता. भूमी अभिलेख खात्याकडे हद्दकायम, पोटहिस्सा, बिनशेती अशा मोजण्या हेतुपरत्वे होतात. साधी, तातडीची आणि अतितातडीची हा दीर्घकाळ चाललेला भेद केवळ वेळेचा व फीचा होता. अतितातडीच्या मोजणीत काही अधिक मोजले जाते असा बहुतेकांचा (आमच्या आप्तांचाही) ग्रह असे. त्यांनी हद्दकायम मोजणी करून घेतली आणि ती अगदी बिनचूक झाली. पश्चिमेची हद्द शेजारच्या भिंतीच्या मध्यातून गेली. १ : ५०० प्रमाणाच्या नकाशावर अडीच फुटांची भिंत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. त्या रेघेवर विसंबून वास्तुरचनाकाराने आराखडा केला, आणि आपल्या बाजूची अर्धी भिंत उतरवून तेथे नवा खांब घेण्याचे ठरले.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या वृद्ध आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नकाशा पाहिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘नकाशात भित कुठं दिसती, बाबा? आमची तुळई बसलीया तिच्यात.’’ तेव्हा कोठे जुने खरेदीखत पेटीतून निघाले. पश्चिमेच्या चतुःसीमेत भिंत सामाईक असल्याचे त्यात लिहिले होते. मोजणीने त्या भिंतीचे दोन अर्धे केले होते. त्यांतला एक अर्धा दुसऱ्यावाचून उभा राहत नाही, हे सांगणे तिचे काम नव्हते. खरेदीखत लिहिणाऱ्याला फूट-इंच ठाऊक नसतील, भार कोठे उतरतो हे मात्र ठाऊक होते.

मग गिलावा काढून पाहणी झाली. दोन्ही घरांच्या मिळून सात तुळया त्या भिंतीत शिरलेल्या आढळल्या. तिघींची तोंडे ओलीने भुसभुशीत झाली होती, आणि त्यांतली एक आजींच्या माजघरावरची होती. आराखडा रद्द झाला. नव्या आराखड्यात खांब चार फूट आत आले आहेत, एक गाळा कमी झाला आहे, आणि त्या तीन तुळया बदलण्याचा खर्च दोन्ही घरांनी कसा वाटून घ्यावा याची बोलणी अजून चालू आहेत. भिंत उभी आहे. तिला दोन्ही अंगांनी टेकू दिलेले आहेत.